पावसात व्हर्साय बघायला निघताना

पॅरिसला आलेली आपली मंडळी व्हर्सायच्या राजवाड्यासाठी एक दिवस राखून ठेवतात आणि नेमका त्याच दिवशी पाऊस लागतो. मी इथे राहतो, त्यामुळे घरी येणाऱ्या नातेवाइकांबरोबर हा दिवस अनेकदा केला आहे. त्यात लहान मुलं होती, गुडघे दुखणाऱ्या आत्या होत्या, ऐंशीच्या घरातले आजोबाही होते. दिवस फसला तेव्हा प्रत्येक वेळी क्रम चुकलेला होता. सकाळी जराशी उघडीप दिसली म्हणून आधी बागेत शिरायचं, भिजायचं, राजवाड्याची वेळ चुकवायची आणि दुपारी सगळे थकल्यावर बागेपलीकडच्या त्रियानोंच्या छोट्या महालांकडे पायपीट सुरू करायची. हा क्रम उलटा लावला, तर त्याच पावसात तोच दिवस छान जातो.

इथला पाऊस आधी समजून घ्या. पॅरिसमध्ये वर्षभरात साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. म्हणजे धो धो कोसळून रस्ते तुंबवणारा पाऊस इथे क्वचितच. इथे रिपरिप असते, मग अर्धा तास उघडीप, मग पुन्हा सर. सोबत वारा आणि गारठा. त्यामुळे 'पाऊस थांबला की निघू' हा आपला हिशेब इथे चालत नाही. दिवस आखायचा तो छपरांच्या आधाराने. आता कोणत्या छपराखाली आहोत, पुढचं छप्पर कुठे आहे आणि मधलं अंतर किती, एवढं घरून निघताना डोक्यात पक्कं हवं.

१. दिवस ठरवणं

राजवाडा सोमवारी बंद असतो. हे लिहायची खरं तर गरज पडू नये, पण सोमवारी सोनेरी फाटकाबाहेर उभी असलेली भिजलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. बाग आणि मोठं उद्यान सोमवारीही उघडं असतं, त्यामुळे 'व्हर्साय रोज उघडं' असा गैरसमज होतो. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या तारखांनाही राजवाडा बंद असतो. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी १ मे ध्यानात ठेवावा.

मंगळवार टाळता आला तर टाळा. त्या दिवशी पॅरिसचं लुव्र संग्रहालय बंद असतं आणि तिथली गर्दी इकडे वळते. शनिवार-रविवारचं वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या गर्दीत शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे त्यातल्या त्यात बरे.

हवामानाचा अंदाज बघून दिवस ठरवू नका. आठवडाभर आधीचा अंदाज इथे फारसा टिकत नाही, आणि त्याची वाट बघत बसलात तर सकाळच्या वेळेची तिकिटं संपून जातात.

२. तिकीट काढणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

व्हर्साय म्हणजे एक इमारत नाही. मुख्य राजवाडा, त्यामागची बाग, बागेपलीकडचं उद्यान आणि मोठा कालवा, आणि वायव्येला त्रियानोंचा परिसर, ज्यात ग्राँ त्रियानों आणि पती त्रियानों हे दोन छोटे महाल आणि राणीचं खेडं आहे. तिकिटं मुख्यतः तीन प्रकारची मिळतात: फक्त राजवाड्याचं, फक्त त्रियानोंचं, आणि सगळं मिळून असलेलं 'पासपोर्ट' नावाचं. हे नाव ऐकून आपल्या निळ्या पासपोर्टाशी गोंधळ करू नका, ते तिकिटाचंच नाव आहे.

पावसाच्या दिवसासाठी माझा सल्ला असा. सोबतची मंडळी चालणारी असतील, मुलं सात-आठ वर्षांच्या वरची असतील, तर पासपोर्ट घ्या. सोबत तान्हं बाळ किंवा गुडघेदुखीची व्यक्ती असेल, तर फक्त राजवाड्याचं तिकीट आधी काढा. त्रियानोंचं तिकीट त्या दिवशी आभाळ बघून नंतर घेता येतं. दोन्ही वेगळी घेतल्यावर थोडे युरो जास्त जातात, पण 'पैसे भरलेत, मग जायलाच हवं' हा हट्ट मनात राहत नाही. पावसात तो हट्टच माणसांना आजारी पाडतो.

राजवाड्याचं तिकीट अर्ध्या तासाच्या ठरावीक वेळेचं असतं. साडेनऊची वेळ घेतली असेल तर साडेनऊ ते दहा या दरम्यान आत शिरायचं. कुटुंबासाठी साडेनऊ ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. राजवाडा नऊला उघडतो, पण मुलांना घेऊन नऊ गाठायचं म्हणजे सगळ्यांची झोपमोड आणि चिडचिड. साडेनऊला आत गेलं की बाराच्या सुमारास बाहेर पडता येतं. त्रियानोंचे महाल उघडतातच बारा वाजता. मध्ये जेवण बसतं. दिवसाचा सगळा सांगाडा या एका वेळेवर उभा आहे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी नीट समजून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांना राजवाड्यात प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. पण मोफत असलं तरी त्यांच्यासाठीही तीच वेळ नोंदवावी लागते. मोठ्यांची तिकिटं काढून 'मुलं तर फुकट' म्हणून तिथेच थांबू नका. त्याच खरेदीत मुलांचं मोफत तिकीट निवडा. वय दाखवणारं ओळखपत्र सोबत ठेवा.

दुसरी गोष्ट बागेची. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात बागेत बऱ्याच दिवशी संगीतासह कारंजी चालवतात किंवा नुसतं संगीत लावतात, आणि त्या दिवशी बागेलाही तिकीट लागतं. तिथे मोफत फक्त सहा वर्षांखालच्यांना. म्हणजे दहा वर्षांचा मुलगा राजवाड्यात फुकट, पण कारंज्यांच्या दिवशी बागेत नाही. पासपोर्ट तिकिटात बाग धरलेली असते. एरवी बाग सगळ्यांना मोफत आहे.

तिकीट राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. स्टेशनबाहेर 'माहिती केंद्र' अशी पाटी लावून महागड्या सहली विकणारी दुकानं असतात. पावसात आडोसा शोधत माणसं तिथे शिरतात आणि नको ते विकत घेऊन बाहेर पडतात.

*तपासा: सगळ्यांची तिकिटं, मुलांचीही, एकाच तारखेची आणि एकाच वेळेची आहेत ना? ती किमान दोघांच्या फोनमध्ये हवीत. एकाचा फोन भिजला किंवा बॅटरी उतरली तर बाकीचे अडकतात.*

३. आदल्या रात्रीची तयारी

कपड्यांपासून सुरुवात करा, कारण पावसाळी व्हर्सायमध्ये पाय कोरडे राहिले की अर्धी लढाई जिंकली. बागेतल्या वाटा बारीक खडी आणि वाळूच्या आहेत. पावसात त्यांचा राखाडी चिखल होतो आणि तो बुटांना, पँटच्या कडांना चिकटून बसतो. कापडी बूट अर्ध्या तासात आतपर्यंत भिजतात. सँडल आणि चपला नकोतच. मुंबईच्या पावसात पाय उघडे ठेवणं शहाणपणाचं असतं, कारण पाणी उबदार असतं. इथे ते गार असतं आणि ओल्या पायांनी अडीच तास दगडी-लाकडी फरशीवर उभं राहावं लागतं. जाड तळव्याचे, पाणी आत न घेणारे बूट घाला आणि प्रत्येकासाठी मोज्यांचा एकेक जादा जोड घ्या. हा जादा जोड मी कधीच विसरू देत नाही.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट चांगला. राजवाड्यासमोरचं पटांगण उघडं आहे, वाऱ्याला अडवणारं तिथे काही नाही, छत्र्या उलट्या होतात. शिवाय लांब दांड्याची टोकदार छत्री आत नेता येत नाही, सामानघरात ठेवावी लागते. घडी करून पिशवीत मावणारी छत्री घ्या आणि ती गुंडाळायला एक प्लास्टिकची पिशवी.

बाळाची ढकलगाडी राजवाड्यात आणि त्रियानोंच्या महालांत चालत नाही. धातूची चौकट असलेली पाठीवरची बाळपिशवीही चालत नाही. कापडी झोळीसारखी बाळपिशवी चालते. बागेत ढकलगाडी नेता येते, पण ओल्या खडीत तिची चाकं रुततात. शक्य असेल तर गाडी घरी ठेवा आणि झोळी घ्या. पाठीवरच्या मोठ्या सॅकही आणू नका. दोन मोठ्यांनी दोन छोट्या पिशव्या घेतल्या की पुरतं.

खाण्याचं. थेपले, दशम्या, सुका चिवडा पिशवीत न्यायला हरकत नाही, पण राजवाड्याच्या दालनांत काहीही खाता येत नाही. आणि बरेच जण चुकतात ते पुढे: बागेतही डबा उघडून बसायला मनाई आहे. परवानगी आहे ती बागेपलीकडच्या उद्यानात, म्हणजे नेमकं जिथे छप्पर नाही तिथे. त्यामुळे पावसाच्या दिवशी डब्यावर भिस्त ठेवू नका. खाऊ मुलांपुरता ठेवा, तोही बाहेर पडल्यावर देण्यासाठी.

फोनमध्ये दोन गोष्टी आधीच उतरवून घ्या. एक, राजवाड्याचं अधिकृत मोफत ॲप, ज्यात दालनांची माहिती ऐकता येते. दगडी भिंतींमध्ये आणि गर्दीत नेट रेंगाळतं, म्हणून हे रात्रीच करा आणि कानात घालायचे इअरफोन प्रत्येकाला द्या. दुसरं, मेतेओ-फ्रान्स या सरकारी हवामान खात्याचं ॲप. त्यात पुढच्या एका तासातला पाऊस पाच-पाच, दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत दिसतो. आठवड्याच्या अंदाजापेक्षा हा तासाभराचा अंदाज कितीतरी विश्वासाचा, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर घ्यायचे आहेत.

४. गाडी पकडणं

व्हर्साय पॅरिसच्या नैऋत्येला, साधारण वीस किलोमीटरवर आहे. तिथे तीन स्टेशनं आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

सर्वांत जवळचं 'व्हर्साय शातो रिव्ह गोश'. इथे आरईआर सी ही उपनगरी गाडी जाते आणि उतरल्यावर राजवाडा दहा मिनिटांच्या चालीवर. सँ-मिशेल, म्युझे दॉर्से, अँव्हालिद, आयफेल टॉवरजवळचं शाँ द मार्स अशा मध्यवर्ती स्टेशनांवरून ती मिळते. पण आरईआर सीला फाटे फुटतात आणि काही गाड्या 'व्हर्साय शांतिए' या दुसऱ्या स्टेशनाकडे जातात. 'शातो' आणि 'शांतिए' घाईत ऐकायला सारखेच वाटतात. शातो म्हणजे राजवाडा. फलाटावरच्या पाटीवर हाच शब्द दिसला तर चढा. शांतिएला उतरलात तर पावसात चालणं जवळजवळ दुप्पट होतं.

साँ-लाझार स्टेशनाच्या आसपास मुक्काम असेल तर एल या उपनगरी रेल्वेमार्गाने 'व्हर्साय रिव्ह द्र्वात'ला जा. तिथून चालणं पंधरा-वीस मिनिटांचं. ज्येष्ठांना कमीत कमी चालवायचं असेल तर मेट्रो ९ च्या पाँ द सेव्र या शेवटच्या स्टेशनावर उतरून १७१ नंबरची बस पकडा. ती राजवाड्यासमोरच सोडते. रस्त्यावर गर्दी असली तर वेळ जातो, पण आत्यांसाठी मी हाच मार्ग निवडतो.

तिकिटांचे नियम १ जानेवारी २०२५ पासून बदलले आहेत. जुन्या लेखांत व्हर्सायसाठी झोन एक ते चारचं महाग तिकीट काढायला सांगितलेलं असतं, ते आता विसरा. मेट्रो, ट्रेन आणि आरईआरसाठी सगळ्या पॅरिस प्रदेशात एकाच दराचं तिकीट चालतं. बस-ट्रामचं तिकीट मात्र वेगळं असतं. ते आरईआरला चालत नाही, आणि मेट्रोचं तिकीट १७१ नंबरच्या बसला चालत नाही. परतीचं तिकीटही सकाळीच नाविगो ईझी या प्रवासाच्या कार्डावर भरून ठेवा.

*सावधान: एका नाविगो ईझी कार्डावर चार तिकिटं भरून चौघांनी एकामागून एक जायचं, असं होत नाही. एकत्र प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, चार ते नऊ वर्षांच्या मुलांना अर्धं. तिकीट तपासनीस आले तर दंड जागेवर घेतात.*

उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, आरईआर सीचा पॅरिसमधला मधला भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्या काळात येणार असाल तर एल मार्ग किंवा बस हेच धरून चाला.

साडेनऊच्या वेळेसाठी पॅरिसच्या मध्यातून आठला निघा. पावसात गाड्या रखडतात, माणसं चुकतात, कुणाला तरी वाटेत शौचालय लागतं. नऊला पोहोचलात तरी वाईट काही नाही.

५. पटांगणातली रांग

स्टेशनातून बाहेर पडल्यावर रुंद रस्त्याने सरळ चालत गेलं की राजवाड्यासमोरचं पटांगण येतं. ते चढत्या उताराचं आहे आणि फरशी खडबडीत दगडांची. ओली झाल्यावर ती निसरडी होते. आजी-आजोबांचा हात धरून चाला. घाईने पुढे पळालेला मुलगा इथेच घसरतो.

तिकीट हातात असलेल्यांसाठी 'ए' हे प्रवेशद्वार आहे. 'बी' गटांसाठी. चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिल्यावर परत जाण्यापेक्षा आधीच पाटी वाचा. सुरक्षा तपासणीची रांग उघड्यावर असते. तिच्यावर छप्पर नाही. दिवसभरातला सगळ्यात ओला अर्धा तास हाच, आणि तो टाळता येत नाही. त्याची तयारी म्हणजे रेनकोट आधीच घातलेले, फोन आतल्या खिशात, तिकीट उघडून ठेवलेलं, पिशव्या पटकन उघडता येतील अशा.

एक मोठा माणूस मुलांबरोबर आणि एक तिकिटांबरोबर, अशी विभागणी इथेच करून टाका. दोघांनी दोन्ही सांभाळायला गेलं की दोन्ही सुटतात.

६. आत शिरल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

आत आल्या आल्या दालनांकडे धावू नका. आधी सामानघर गाठा. ओले रेनकोट, छत्र्या, ढकलगाडी तिथे द्या. सामान ठेवायला पैसे लागत नाहीत. पावती एकाकडेच राहील असं करा. मग सगळ्यांना शौचालयात पाठवा, 'मला नाही लागली' म्हणणाऱ्यांनाही. वरच्या दालनांमधून मध्येच मागे फिरणं फार कठीण, कारण वाट एकेरी आहे आणि मागून लोंढा येत असतो. मोजे भिजले असतील तर इथेच बदला.

चालायला त्रास होणाऱ्यांसाठी चाकांची खुर्ची ओळखपत्र ठेवून मिळते आणि लिफ्टही आहे. मागायला संकोच करू नका. आमच्या आजोबांनी सुरुवातीला खुर्ची नाकारली आणि शेवटच्या दालनापर्यंत पोहोचलेच नाहीत, याची हळहळ मला अजून आहे.

७. दालनं बघणं आणि खिडकीतून आभाळ वाचणं

पाऊस असला की सगळेच आत असतात, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त दाटते. तळमजल्यावर राजवाड्याचा इतिहास सांगणारी दालनं सुरुवातीला लागतात. बहुतेक जण तिथेच प्रत्येक चित्रापाशी थांबतात आणि आरसेमहालात पोहोचेपर्यंत थकून जातात. पहिल्या दालनांतून जरा वेगाने पुढे सरका. वेळ राखून ठेवा तो राजाच्या औपचारिक दालनांसाठी, आरसेमहालासाठी आणि राणीच्या दालनांसाठी.

आरसेमहाल ७३ मीटर लांब आहे. एका बाजूला सतरा कमानींत ३५७ आरसे आणि त्यांच्यासमोर सतरा उंच खिडक्या. सगळे लोक शिरल्या शिरल्या दारातच फोन वर करून थांबतात. तुम्ही तिथे थांबू नका. मुलांचे हात धरून सरळ मधोमध चालत जा, पलीकडच्या टोकाला जागा मोकळी असते. खिसेकापूही याच गर्दीत असतात, पिशवी पोटापुढे घ्या.

आता खिडकीपाशी जा. या खिडक्या पश्चिमेकडे, बागेकडे उघडतात. समोर पाण्याचे दोन हौद, मधली लांब वाट आणि पार टोकाला मोठा कालवा दिसतो. पॅरिसकडे येणारा पाऊस बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे पुढच्या तासाचं आभाळ तुमच्यासमोर उघडं आहे. कालव्यापलीकडची झाडं स्पष्ट दिसत असतील आणि ढगांच्या खाली उजेडाची पट्टी असेल, तर उघडीप येते आहे. झाडं धुरकट झाली असतील तर सर तिकडे सुरू आहे आणि ती इकडेच येणार. मग मेतेओ-फ्रान्सचा तासाभराचा अंदाज उघडा आणि दोन्ही जुळवून बघा. हौदांच्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं उठताहेत का, तेही इथून कळतं. दुपारचा निर्णय इथेच, कोरडे असताना घ्या. बाहेर ओल्या पायरीवर उभं राहून घेतलेला निर्णय घाईचा होतो.

पाऊस जोरात असेल तर राजवाडा लवकर संपवू नका. राणीच्या दालनांनंतर लढायांचं दालन लागतं. १२० मीटर लांब, भिंतींवर ३३ भलीमोठी युद्धचित्रं. आरसेमहालातली रेटारेटी इथे नसते आणि मुलांना मोकळं वाटतं. सर ओसरेपर्यंत वेळ काढायला याहून चांगली जागा राजवाड्यात नाही. आमच्याकडची मुलं इथे प्रत्येक चित्रात घोडे मोजतात.

*सावधान: राजवाड्यातून एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही. 'जरा बाग बघून येतो' म्हणून निघालेले माझे मामा बाहेरच राहिले आणि मामी आत. बाहेर पडायचं ते सगळ्यांनी एकत्र, शौचालयात जाऊन आणि सामानघरातलं सगळं परत घेऊन.*

८. जेवण

बारा-साडेबाराला सगळ्यांना भूक लागलेली असते आणि नेमकी तेव्हाच राजवाड्यातल्या उपाहारगृहांत रांग असते. आतच खायचं असेल तर साडेअकराला खा. महाग आहे, पण छप्पर आहे, आणि सोबत ज्येष्ठ असतील तर मी हाच पर्याय घेतो.

बाहेर जायचं तर गावातल्या नोत्र-दाम बाजाराकडे वळा. पटांगणातून दहा-पंधरा मिनिटांवर छपराखालच्या बाजाराच्या चार मोठ्या इमारती आहेत. पाव, चीज, फळं, भाजलेले पदार्थ मिळतात, शाकाहारी माणसाची सोय होते. सोमवारी त्या बंद असतात आणि रविवारी सकाळपुरत्याच उघड्या. बाजाराच्या आसपास खाणावळीही आहेत. पण लक्षात घ्या, हा बाजार त्रियानोंच्या वाटेवर नाही. तिकडे गेलात की परत पटांगणाकडे यावं लागतं.

९. दुपार: बाग की त्रियानों

खिडकीतून पाहिलेल्या आभाळावर आता ठरवायचं.

उघडीप असेल तर बागेचा वरचा भाग आधी बघा. पाण्याचे हौद, लातोनाचं कारंजं आणि तिथून कालव्याकडे जाणारी सरळ वाट. पायऱ्या ओल्या असतात, कठड्याच्या बाजूने उतरा. दाट झाडीतल्या छोट्या बागा खराब हवेत बंद ठेवतात, त्यासाठी वाट वाकडी करू नका. जोराचा वारा असेल तर संपूर्ण बागच बंद होऊ शकते, तेव्हा कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो नियम पडणाऱ्या फांद्यांसाठी आहे.

रिपरिप चालू असेल तर चालत त्रियानोंकडे निघू नका. ते अंतर पंचवीस-तीस मिनिटांचं आहे आणि मध्ये आडोसा नाही. राजवाड्याच्या उत्तरेकडच्या गच्चीजवळून छोटी पर्यटक-गाडी सुटते. ती त्रियानोंचे दोन्ही महाल आणि कालवा करून परत येते. तिचं भाडं वेगळं असतं, पासपोर्ट तिकिटात ते धरलेलं नाही. तरी पावसाच्या दिवशी ते द्यावं.

तिथे पोहोचल्यावर पाऊस असेल तर ग्राँ त्रियानों आधी. त्याच्या मधोमध गुलाबी संगमरवरी खांबांचा उघडा मंडप आहे. वर छप्पर, एका बाजूला अंगण, दुसऱ्या बाजूला बाग. पाऊस बघत उभं राहायला इतकी सुंदर जागा मी दुसरी पाहिलेली नाही. पती त्रियानों पाच-सात मिनिटांवर आहे. राणीचं खेडं, म्हणजे तळ्याकाठची गवती छपरांची घरं आणि शेतातली जनावरं, मुलांना सगळ्यात जास्त आवडतं, पण तिथली वाट सगळी मातीची. ते फक्त उघडीप असेल तरच.

आणि आभाळ पूर्ण झाकोळलेलं असेल, मुलं कुरकुरत असतील, तर त्रियानों सोडून द्या. पटांगणासमोर जुन्या तबेल्यांच्या इमारतीत राजेशाही घोडागाड्यांचं दालन आहे. ते रोज उघडं नसतं, म्हणून सकाळीच संकेतस्थळावर वेळ बघून ठेवा. उघडं असेल तर सोनेरी गाड्या आणि बर्फावर चालणाऱ्या घसरगाड्या बघून मुलं पुन्हा ताजीतवानी होतात.

१०. परत निघणं

राजवाडा एप्रिल ते ऑक्टोबर साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेपाचला बंद होतो. त्या वेळेला निघालात तर स्टेशनावर सगळ्यांचाच लोंढा असतो. साडेचारच्या सुमारास निघा. 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे इथून सुटणारी प्रत्येक गाडी पॅरिसकडेच जाते. सकाळसारखा फाट्यांचा घोळ इथे नाही. गाडी रिकामी उभी असते, म्हाताऱ्यांना बसायला जागा मिळते.

त्रियानोंवरून परतताना छोट्या गाडीची शेवटची फेरी कधी आहे, हे जातानाच चालकाला विचारून ठेवा. ती चुकली तर पूर्ण अंतर पावसात चालत यावं लागतं.

घरी पोहोचलात की बूट उन्हात किंवा हीटरला लावू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच सुकतात.